पाय रोवून

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, बायकोला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवताना, त्याच्या डाव्या बरगड्यांखाली काहीतरी टचकन तुटलं. आवाज मोठा नव्हता. शर्टाचं बटण उडून फरशीवर पडावं एवढाच. बटण कुठे गेलं म्हणून त्याने सवयीने खाली बघितलंसुद्धा. मग श्वास घ्यायला गेला, तो अर्ध्यावरच अडला, आणि त्याला कळलं की जे गेलं ते शर्टाचं नव्हतं. बायको तेवढ्यात चार बोटं खाली घसरली होती. त्याने गुडघा पुढे घालून तिला खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकवली आणि तसाच वाकून राहिला. तिचे हात त्याच्या मानेभोवती होते, त्याचं नाक तिच्या कानापाशी.

"बसले का मी?" तिने विचारलं.

"बसलीस."

"अर्धी बसलेय. उरलेली कधी बसवणार?"

उरलेली त्याने गुडघ्यानेच आत ढकलली. उशी सरकली होती, असं काहीतरी पुटपुटला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. तिथे दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून उभा राहिला. दुखत होतं, पण दुखण्याची त्याला फारशी पर्वा नव्हती. साठी ओलांडलेल्या माणसाला सकाळी काही दुखलं नाही तर त्याने आधी आपण जिवंत आहोत ना हे बघावं, असं तोच इतरांना सांगायचा. त्याला भीती वाटली ती आपल्या पायांची. बायकोला उचलून वळताना त्याचे पाय हललेच नव्हते. खिळे ठोकल्यासारखे फरशीवर रोवलेले राहिले आणि वर कंबर तेवढी फिरली होती, झोकात, एखाद्या तरण्या माणसासारखी. आणि हे त्याने केलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्यात बायकोचे पाय गेले. पाय गेले असं म्हणायची पद्धत आहे, पण ते कुठे जात नाहीत. तिथेच असतात, त्यांना मोजे घालावे लागतात, त्यांची नखं कापावी लागतात. हात शाबूत राहिले, आणि जीभ तर होती त्यापेक्षा दुरुस्त झाली. तेव्हा इस्पितळातल्या व्यायामवाल्या बाईने त्याला उचलायचं कसं ते शिकवलं होतं. बायकोच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला लावायचा, तिने मानेला मिठी मारायची, तीन आकडे मोजायचे, उचलायचं, आणि मग वळायचं. "पण वळायचं पायांनी हं," त्या बाईने दहादा बजावलं होतं. "लहान लहान पावलं टाकत, बदकासारखं. कंबर अजिबात नाही वळवायची. कंबर वळली की तुम्ही गेलात, आणि तुमच्याबरोबर त्याही गेल्या." दिवसातून सहा वेळा, तीन वर्षं, तो बदकासारखा वळत आला होता. बायको म्हणायची, "लग्नात नाचला नाहीत, ते सगळं आता वसूल करताय." आणि एवढी वर्षं संसार करून रोज सहा मिठ्या कुणाच्या वाट्याला येतात, असा हिशेब तोही मनात करायचा, आणि त्यातल्या दोन-तीन खऱ्या असायच्याही.

आता या बदकाच्या चालीत दुसरीच एक चाल घुसली होती आणि ती कुठून आली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो चोरून गोल्फ शिकत होता. म्हणजे खेळत होता पूर्वीपासूनच. नोकरीत असताना तो इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. गावाबाहेरच्या गोल्फ क्लबाची इमारत होती दोन मजली, पण सभासद असे वजनदार की त्यांनाही लिफ्ट लागायची. ती वर्षातून एकदा तपासता तपासता त्याची सराव मैदानावर ये-जा सुरू झाली आणि निवृत्तीनंतरही कुणी अडवलं नाही. आठवड्यातून दोनदा, दुपारी बायकोजवळ कामाची मावशी असताना, तो तिथे जाऊन चेंडू बडवायचा. बडवायचाच. नुसत्या हातांनी आणि पाठीने, धोपटल्यासारखं. पाठ भरून यायची. दोन महिन्यांपूर्वी तिथे शिकवणाऱ्या मुलीने त्याला थांबवलं. जेमतेम तिशीची असेल, पण बोलण्यात अशी जरब की त्याने तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. "काका, असं मारत राहिलात तर वर्षभरात पाठ मोडून घ्याल," ती म्हणाली. "पाठ वाचवायची असेल तर स्विंग बदला, म्हणजे काठी फिरवायची पद्धत." पाठ वाचवायची असेल तर! याहून मोठं आमिष त्याला कुणी दाखवूच शकलं नसतं. त्याची पाठ त्याची एकट्याची नव्हतीच. तिच्यावर एक अख्खं माणूस घरी राहत होतं.

कारण तसं ठरलं होतं. मुलगी याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला राहायची आणि रोज संध्याकाळी साडेसहाला फोन करायची. मागच्या वर्षी एका रविवारी ती त्याला गाडीत घालून, आईला न सांगता, एक जागा दाखवायला घेऊन गेली होती. रुग्णांना कायमचं ठेवतात तसली जागा. स्वच्छ होती. बाग होती. बागेत ओळीने खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांत ओळीने माणसं होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून, जणू कुणी फोटो काढणार आहे आणि फोटोग्राफर कधीच निघून गेलाय. परत येताना मुलगी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्हाला उचलता येतंय तोवर आई घरी. ज्या दिवशी तुमची पाठ गेली, त्या दिवशी मला सांगायचं. लपवायचं नाही. दोघं एकदम आडवी झालात तर मी एकटी काय करू?" तिचं काही चुकत नव्हतं. चुकत असतं तर भांडता आलं असतं.

म्हणून त्याने स्विंग बदलायला घेतला. बायकोसाठीच, हे तो आजही शपथेवर सांगू शकला असता. मास्तरणीने पहिल्या दिवशी त्याच्या हातात काठी दिलीच नाही. नुसतं वळायला लावलं. "पाय रोवा. आता कंबर वळवा. खांदे तिच्या मागून आपोआप येतात." पाय रोवून कंबर वळवायची! त्याला हसू आलं होतं. व्यायामवाली आणि ही, दोघींनी एकाच देहाला अगदी उलट धडे द्यावेत आणि दोघींनीही पाठ वाचवायच्या नावाखाली. मास्तरणीला त्याच्या घरची गोष्ट माहीत नव्हती, त्याने सांगितली नव्हती. तिथे तो कुणाचा नवरा नव्हता, हीच तर त्या जागेची गंमत होती. ती सांगत गेली आणि तो मान डोलवत गेला. आधी दहा मिनिटं नुसतं चालायचं, अंग तापवायचं. मग खांदे, मग कंबर, सावकाश. मग अर्धाच स्विंग, हात कमरेच्या वर न्यायचे नाहीत. एका दिवशी वीस चेंडू, जास्त नाही. मध्ये दोन दिवसांची विश्रांती. असे सहा आठवडे. "तीस वर्षं जे स्नायू झोपलेत त्यांना एकदम उठवलंत काका, तर ते चावतील," ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेवा. दुखणं पसरलेलं असेल तर घाबरायचं नाही, ते कामाचं दुखणं. पण एका बोटाने दाखवता आलं ना, इथेच दुखतंय म्हणून, की त्या क्षणी काठी खाली."

ओट्याशी उभं राहून त्याने उजव्या हाताचं एक बोट डाव्या बरगड्यांवरून फिरवलं. शोधावं लागलंच नाही. बोट आपल्या पायाने चालत गेल्यासारखं तिथे जाऊन थांबलं.

चहा उतू गेला. आतून आवाज आला, "इन्स्पेक्टर, चहा करताय की तपासताय?"

इन्स्पेक्टर हे तिचं जुनं ठेवणीतलं. नोकरीत तो कडक म्हणून नावाजलेला होता. लिफ्टचा दोर म्हणजे एक दोर नसतो, शेकडो तारांचा पीळ असतो. तो एका दमात तुटत नाही. आत एकेक तार तुटत जाते, वरून काही दिसत नाही, लिफ्ट मजेत चालत राहते. इतक्या लांबीत इतक्या तारा तुटल्या की दोर बाद, असा नियम आहे, आणि तो कापडाचा बोळा हातात घेऊन दोरावरून फिरवायचा. तुटलेल्या तारेचं टोक कापडात अडकायचं. मोजणीत एक तार जास्त निघाली तरी तो लिफ्टला सील ठोकायचा. एकदा एका उंच इमारतीत त्याने असंच केलं होतं आणि एक माणूस जिन्यावरून धावत खाली आला होता. साहेब, माझी आई नवव्या मजल्यावर आहे, तिला उद्या इस्पितळात न्यायचंय, चार दिवस चालू द्या. त्याने कागदावरून मान वर न करता म्हटलं होतं, "मग त्यांना सांगा, वरच थांबा." घरी येऊन त्याने हे बायकोला अभिमानाने सांगितलं होतं. ती तेव्हा शिवणाचे वर्ग चालवायची, तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलली नाही. टाचण्या काढून झाल्यावरही बोलली नव्हती, हे त्याला आज, ओट्यावरचा चहा पुसताना, आठवलं. त्या माणसाचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. फक्त त्याची चप्पल आठवत होती, धावताना एका पायातली निसटली होती आणि तो एकाच चपलेवर उभा राहून विनवत होता.

आणि आता तो स्वतःवरून बोळा फिरवत होता आणि म्हणत होता, चालेल, चार दिवस चालेल. दिवसभरात अजून पाच वेळा. त्यातल्या तीन वेळा मावशी असते, ती एका बाजूने धरते. उरल्या दोन. दोनदा काय, दात खाऊन होईल.

दहा वाजता मावशी आली. धिप्पाड बाई, बोलायला मोकळी. पहिल्याच उचलण्यात तिने त्याच्याकडे बघितलं. "काका, आज तुम्ही श्वास का नाही घेत?" त्याने सांगितलं, घेतोय की. "कुठून घेताय मग? दिसत तर नाही." बायको मधे लोंबकळत होती, एक हात त्याच्या मानेभोवती, एक मावशीच्या. ती म्हणाली, "काटकसर करतायत ते. निवृत्त माणूस आहे." तिघंही हसली. हसताना त्याच्या बरगडीखाली कुणीतरी गरम चमचा फिरवला.

दुपारी तो मैदानावर गेला नाही. खिडकीशी बसून राहिला आणि त्याने स्वतःला विचारलं, वीसचे शंभर कधी झाले? त्याला दिवस नेमका सांगता आला असता. दुसरा आठवडा, बुधवार. तोवर तो इमानेइतबारे अर्धाच स्विंग करत होता, बावळटासारखा, वीस चेंडू मोजून. विसाव्या चेंडूला त्याच्या कमरेत काहीतरी सुटलं, गाठ सुटावी तसं, आणि काठी पुढे गेली ती त्याने नेलीच नाही, तीच त्याला घेऊन गेली. चेंडू लागल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि क्षणभर तिथेच राहिला. काहीही उचलावं न लागता काहीतरी वर गेलं होतं. तीन वर्षांत त्याने जे जे वर नेलं होतं ते सगळं वजनाचं होतं. त्याला घशात हुंदका आल्यासारखं झालं, आणि शेजारी एक जाडा गृहस्थ उभा होता म्हणून त्याने तो खोकल्यात काढला. मग त्याने चेंडूंची दुसरी टोपली मागितली. मग तिसरी. चालणं, अंग तापवणं, दोन दिवसांची विश्रांती, सगळं गेलं कुठल्या कुठे. शंभर चेंडू, थंड अंगाने, पूर्ण ताकदीने, आठवड्यातून दोनदाचं चारदा झालं. घरी सांगायचा, अर्धा तास जाऊन आलो, पाय मोकळे केले. पाठ वाचवायला गेलेला माणूस पाठ विसरून आला होता. त्या शंभर चेंडूंमध्ये बायको एकदाही आठवायची नाही, आणि परत येताना दाराच्या कुलपात किल्ली घालताना ती एकदम, सगळीच्या सगळी आठवायची.

अंग मात्र विसरत नव्हतं. ते बिचारं जे शिकवलं ते मुकाट्याने गिरवत होतं. खुर्चीतून उठताना, फ्रिजमधून पाणी काढताना, पाय रोवून कंबर वळायची. आठवड्यापूर्वीपासूनच बरगडीखाली बारीक चमक भरत होती, एका बोटाने दाखवता येईल अशी. त्याने बोट लावून बघितलंच नव्हतं. कागदावर सही करायची नसेल तर माणूस कागद उघडत नाही.

"इकडे या जरा," बायको म्हणाली. मावशी दोन वाजता गेली होती. "पाठमोरे उभे राहा." तो राहिला. ती नजरेनेच मोजत राहिली. शिवणाच्या वर्गात ती बाईला दारातून आत येताना बघून माप सांगायची, टेप नंतर लावायची, खात्रीपुरती. "उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय," ती म्हणाली. "कंबर डावीकडे भरलीय. गेल्या महिन्यात हा शर्ट असा बसत नव्हता. आणि तळहाताला घट्टे पडलेत, ते मला रोज सहा वेळा पाठीला लागतात. काय करता हो तिकडे अर्धा तास? खाणीत जाता?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "नवीन पद्धत शिकतोय. पाठीला चांगली असते."

"कुणाच्या?"

तिने चिडायला हवं होतं. ती चिडली नाही, हे त्याला बरगडीपेक्षा जास्त लागलं. ती म्हणाली, "छान जमतंय का पण?" आणि त्याच्या तोंडून, आवरायच्या आत, नको इतक्या आनंदाने निघून गेलं, "खूप." ती हसली. "मग सांगायचं की. मी काय चेंडू पळवून नेणार होते?" असं म्हणून तिने मांडीवरची चादर नीट केली, एक सुरकुती होती ती दोनदा, तीनदा सरळ केली. तिच्या पायांना ती सुरकुती लागत नव्हती.

सव्वासहाला तिला पलंगावर घ्यायची वेळ झाली. संध्याकाळी ती बसून बसून वाकायला लागायची, खांद्यांत जीव राहायचा नाही. "आज राहू द्या," ती म्हणाली. "मी खुर्चीतच डुलकी काढते." तो म्हणाला, वेड्यासारखं बोलू नकोस. त्याने पट्टा बांधला. गुडघा लावला. मनात घोकत होता, पाय, पाय, बदक, बदक. तिने मानेला मिठी मारली. त्याला तिच्या केसांचा वास आला, साबणाचा आणि झोपेचा. एक. दोन. तीन म्हणताना त्याने श्वास घेतला आणि तिथेच ती जागा पेटली, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि त्याही पांढऱ्यात त्याला स्पष्ट कळलं की पाय रोवले गेलेत आणि कंबर निघालीय, तशीच, सुंदर, सैल, चेंडू वर जावा तशी. मग खालून सगळा आधार निघून गेला. पडताना त्याला एवढंच सुचलं की आपण खाली जावं. तो खाली गेला आणि ती त्याच्यावर आली.

लागलं कुणालाच नाही, म्हणजे नवीन असं काही नाही. ती बाजूला घरंगळली होती आणि पलंग व खुर्चीच्या मधल्या जागेत दोघं उताणी पडली होती, तिचा डावा हात त्याच्या मानेखाली अडकलेला. छताचा रंग एका कोपऱ्यात उडाला होता. तो कोपरा दोघांनीही पूर्वी बघितला नव्हता. त्याने उठायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. कुशीवरसुद्धा होता येईना. तोंडातून एक आवाज निघाला, तो त्याच्या ओळखीचा नव्हता.

"झालं?" ती म्हणाली.

"थोडा वेळ पडतो. मग बघू."

"किती वर्षांनी जमिनीवर आलेय," ती म्हणाली. "गार असते नाही?"

त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. साडेसहा. मुलगी कधी एक मिनिट इकडे तिकडे करायची नाही. तो हात नेईपर्यंत बायकोने उजवा हात घालून फोन काढलाही होता. त्याला वाटलं, ती गप्प राहायला सांगेल, किंवा जोराने हाका मारेल, काय ते एक. तिने घसा साफ केला. आवाज असा निघाला, जणू ती खुर्चीत ताठ बसून शेंगा सोलतेय.

"हं, बोल गं. नाही, सगळं ठीक. बाबांची जरा पाठ धरलीय, तू लगेच पळत येऊ नकोस, गाडी सावकाश चालव. आणि ऐक, ती जागा, मागच्या वर्षी तुम्ही दोघं बघून आलात ती. अगं, मला कुणी कशाला सांगायला पाहिजे? तुम्ही दोघं त्या रविवारी परत आलात ते इतकं गोड बोलत होतात. तर तिथे एखादी खाट रिकामी आहे का विचार. नाही, ते नाही म्हणत. मी म्हणतेय."

मग मुलीचा आवाज, बारीक, छताखालच्या हवेत ऐकू येण्याइतका. "बाबांना दे."

बायकोने फोन त्याच्या तोंडापाशी धरला. मान वळवून ती त्याच्याकडे बघत होती. इतक्या जवळून की त्याला तिचा एकच डोळा दिसत होता.

"बाबा, खरंच नाही जमत आता? तुम्ही सांगा. तुम्ही जमतंय म्हणालात तर मी आईचं ऐकणार नाही. महिनाभर मी येऊन राहीन, आपण काहीतरी करू. बाबा?"

एका शब्दाचं काम होतं. जमतंय. फार तर दोन, महिनाभर ये. तेवढा श्वास त्याच्याजवळ होता, त्याने आत चाचपून बघितलं, नक्की होता. पण त्याच वेळी दुसरं काहीतरी घडत होतं. बरगडीखाली जणू एक मूठ, सकाळपासून आवळलेली, की तीन वर्षांपासून, हळूहळू उघडायला लागली होती. उद्या सकाळी सात वाजता कुणीच कुणाला उचलणार नाही. परवाही नाही. त्याला त्या उघडण्याची भयंकर लाज वाटली, आणि तिला अडवायला हात पुढे करावा असं काही वाटलं नाही.

"बाबा? आहात ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला.

तो एकच डोळा आणखी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग मिटला, उघडला. तिने फोन स्वतःकडे घेतला. "ऐकलंस ना?" ती मुलीला म्हणाली. "ऐकतायत ते. उद्याच विचार." आणि बोलता बोलता तिने त्याच्या मानेखालून आपला डावा हात काढून घेतला. जरा जोर करावा लागला तिला. त्याचं डोकं फरशीला टेकलं. फोन दुसऱ्या कानाला लावायला तो हात तिला हवा होता, असं त्याने नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.